परसातलं घर: पाचशे चौरस फुटांची आखणी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात एखाद्या मराठी कुटुंबाच्या मागच्या अंगणात गेलात, तर लिंबाच्या झाडाशेजारी हल्ली आणखी एक छोटं घर उभं दिसण्याची शक्यता बरीच आहे. कागदोपत्री त्याला ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट म्हणतात, बोलताना सगळे एडीयू म्हणतात. स्वतंत्र दार, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर आणि मोठ्या घराशी चार पावलांचं अंतर. आपल्या लोकांच्या डोक्यात हे घर बहुतेक वेळा एकाच कारणासाठी येतं. आई-वडील व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिन्यांसाठी येतात, आणि एका छपराखाली सलग सहा महिने काढणं दोन्ही पिढ्यांना जड जातं. ते नसतील तेव्हा भाड्याचा विचार असतोच.

अशा घरांचे नकाशे पाहताना एक गोष्ट वारंवार खटकते. मोठ्या घराचा नकाशा आकसून छोटा केलेला असतो. तोच पॅसेज, त्याच दार लावलेल्या खोल्या, तोच तीन माणसांचा सोफा. सगळं थोडं थोडं लहान. असं घर राहायला लागल्यावर आठवड्यातच अडचणीचं वाटू लागतं. छोट्या घरात आधी माणसं कुठून कुठे जातील ते आखायचं. भिंती आणि सामान त्यानंतर. पुढची सगळी माहिती या एका क्रमाभोवती आहे.

कायदा किती जागा देतो

परसात दुसरं घर बांधायची मुभा देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९८२ पासून आहे, पण शहरांनी घातलेल्या अटींमुळे तो बराच काळ कागदावरच होता. २०१६ आणि २०१९ मध्ये राज्याने कायदे बदलून शहरांचे हात बांधले. १ जानेवारी २०२० पासूनचं चित्र थोडक्यात असं: मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून ४ फूट जागा सोडली आणि उंची १६ फुटांपर्यंत ठेवली, तर ८०० चौरस फुटांपर्यंतचं घर शहराला नाकारता येत नाही. अर्ज पूर्ण असेल तर निर्णय ६० दिवसांत द्यावा लागतो. मूळ घराच्या आतलीच एखादी खोली वेगळी काढून केलेलं 'ज्युनियर' एडीयू ५०० चौरस फुटांपर्यंत असू शकतं, आणि त्याचं न्हाणीघर मोठ्या घरासोबत सामाईक चालतं.

फीच्या मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवा, कारण नकाशांचे आकार त्यांनीच ठरतात. ७५० चौरस फुटांच्या आतल्या घराला शहराची इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणारा भार भरून काढायची फी) लागत नाही, आणि ५०० च्या आत असेल तर शाळांसाठीची फीही नाही. बाजारात ४९९ आणि ७४९ चौरस फुटांचे इतके नकाशे दिसतात, ते याच हिशेबाने.

बाहेरून पाचशे, आतून साडेचारशे

बाहेरून २० फूट बाय २५ फूट म्हणजे ५०० चौरस फूट. पण लाकडी चौकट, उष्णतारोधक भरण, आतलं जिप्सम बोर्ड आणि बाहेरचा गिलावा धरला की भिंत सहा इंचांच्या आसपास जाते. आतून उरतं १९ बाय २४, म्हणजे ४५६ चौरस फूट. त्यातून आतल्या भिंती वजा करा. नकाशावर खोल्यांची मापं पाहताना ती भिंतीच्या कुठल्या कडेपासून घेतली आहेत हे विचारल्याशिवाय पलंग विकत घेऊ नका.

मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची; पुनर्विकासात रहिवाशांना त्याबदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. वरळीत जे ऐसपैस म्हणून मिळतं, तेवढ्यात आपण मावणार कसे याची काळजी सॅन होजेत केली जाते. हा टोमणा नाही. चाळीतल्या खोलीला गॅलरी होती, जिना होता, शेजार होता, आणि दिवसाचं निम्मं आयुष्य खोलीबाहेर चालायचं. परसातल्या घरालाही बाहेरची जागा लाभलेली असते. तिचा हिशेब न करता आतल्या चौरस फुटांवरच डोकं आपटत बसणं ही खरी चूक.

दारं आणि वाटा

३० इंचांचं बिजागरीचं दार उघडताना जे पाव वर्तुळ जमिनीवर काढतं, त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ५ चौरस फूट भरतं. तेवढ्या जागेत काही ठेवता येत नाही. न्हाणीघर, झोपायची खोली आणि कपाटाची खोली अशी तीन दारं असली की १५ चौरस फूट गेले. भिंतीत सरकणारं पॉकेट दार हे सगळं परत देतं. त्याची चौकट भिंत उभी करतानाच बसवावी लागते, नंतर सुचलं तर भिंत फोडावी लागते. भिंतीबाहेरून पट्टीवर सरकणारं, कोठाराच्या दारासारखं 'बार्न डोअर' दिसायला छान, पण ते कडेला सांधत नाही; आवाज आणि वास दोन्ही सुटतात. न्हाणीघराला ते कधीही लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅसेज तर पूर्णच टाळायचा. ३ फूट रुंद आणि १० फूट लांब पॅसेज ३० चौरस फूट खातो, आणि त्या बदल्यात देतो फक्त चालायची सोय. घराच्या मधोमध स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचा गठ्ठा ठेवला, एका अंगाला बसायची आणि दुसऱ्या अंगाला झोपायची जागा केली, की वाट बसायच्या खोलीतूनच जाते आणि पॅसेजची गरज राहत नाही. बाहेरचं दार कोपऱ्यात येऊ दे. मधोमध दार असलेल्या खोलीत चारही भिंती तुटक होतात आणि सोफा, टेबल, कपाट कशालाच सलग भिंत मिळत नाही.

मोठ्यांसाठी बांधत असाल तर आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या बांधकाम संहितेनुसार नव्या घरात प्रवेशाच्या मजल्यावरच्या किमान एका झोपायच्या खोलीला आणि एका न्हाणीघराला ३२ इंचांची मोकळी वाट लागते, आणि न्हाणीघराच्या भिंतींत आधाराची दांडी बसवता येईल असं लाकूड आधीच घालून ठेवावं लागतं. सरळ ३६ इंचांचं दार धरा. काठी, वॉकर, उद्या कदाचित व्हीलचेअर, सगळं त्यातून जातं. उंबरठा नको.

पाण्याची कामं एका भिंतीवर

स्वयंपाकघराचं सिंक, बेसिन, संडास, शॉवर आणि कपडे धुण्याचं यंत्र एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवली, तर पाइप कमी लागतात, गरम पाणी लवकर पोचतं, आणि बाकीच्या भिंती मोकळ्या राहतात. सांडपाण्याचा पाइप मुख्य वाहिनीपर्यंत उतारानेच न्यावा लागतो, म्हणून ही भिंत घराच्या ज्या बाजूला मुख्य वाहिनी जवळ पडते तिथे घ्या. उतार मिळाला नाही तर पंप बसवावा लागतो, आणि पंप म्हटला की देखभाल आली.

न्हाणीघराला ५ फूट बाय ८ फूट पुरे होतात. नियमाने संडासाच्या जागेला ३० इंच रुंदी आणि पुढे २४ इंच मोकळी जागा लागते. शॉवरचा तळ किमान १०२४ चौरस इंच हवा आणि त्यात ३० इंचांचं वर्तुळ बसायला हवं. टब घालू नका. बेचाळीस इंच रुंद, उंबरा नसलेला शॉवर, बसायला भिंतीतला एक ओटा आणि हातात धरायचा शॉवर, एवढं असलं की बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या आजींचीही सोय होते. एक साधा नळ गुडघ्याच्या उंचीवर द्यायला सांगा. इथले प्लंबर बुचकळ्यात पडतात, पण देतात.

कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र २४ इंच रुंदीचं मिळतं आणि एकावर एक चढवता येतं. हीट पंपवर चालणाऱ्या ड्रायरला बाहेर हवा सोडायचा पाइप लागत नाही, म्हणून तो भिंतीशी चिकटून बसतो. मोठ्या घरातलं यंत्र वापरायचं ठरवलं तर हीही जागा वाचते. घर भाड्याने द्यायचं असेल तर मात्र तो विचार सोडा.

स्वयंपाकघर

कमी जागेत स्वयंपाक कसा बसवायचा, याचा पद्धतशीर अभ्यास शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं, म्हणजे साधारण ७० चौरस फुटांचं स्वयंपाकघर आखलं. त्यासाठी त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधली स्वयंपाकघरं पाहिली होती. तांदूळ, साखर, पीठ यांसाठी नावं लिहिलेले ओतायच्या तोटीचे ॲल्युमिनियमचे खण, खिडकीखाली बसून काम करायचा ओटा, सरकवता येणारा दिवा. आणि शेगडी, सिंक, ओटा असे ठेवलेले की बाईला विनाकारण चालावं लागू नये. जवळपास दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. आजच्या ओट्याच्या मांडणीचं मूळ तिथे आहे.

आपल्या घरासाठी त्यातला धडा एवढाच: कामाचा क्रम आधी, कपाटं नंतर. फ्रीजमधून भाजी निघते, सिंकखाली धुतली जाते, ओट्यावर चिरली जाते, शेगडीवर जाते. एका भिंतीवर १० फूट सलग ओटा असेल, तर याच क्रमाने सगळं लावता येतं: फ्रीज २४ इंच, मग सिंक, मग किमान ३ फूट मोकळा ओटा, मग शेगडी, आणि शेगडीपलीकडे कढई उतरवायला १५ इंच तरी जागा. सिंक आणि शेगडीमधला हा तीन फुटांचा तुकडा कशासाठीही सोडू नका. पोळ्या तिथेच लाटायच्या आहेत.

फोडणीचा प्रश्न खास आपला. ४५० चौरस फुटांत मोहरी तडतडली की वास अंथरुणापर्यंत जातो. शेगडीवरची चिमणी हवा बाहेर सोडणारीच हवी. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी मराठी स्वयंपाकापुढे निरुपयोगी आहे. राज्याची ऊर्जा संहिताही याबाबत आपल्या बाजूची आहे. घर जितकं लहान, तितकी जास्त ओढणारी चिमणी ती मागते. इंडक्शनची शेगडी घेतलीत तर गॅसची लाइन टाकायचा खर्च वाचतो, खोली तापत नाही, आणि शेगडी बंद असताना तिच्यावर पोळपाट ठेवता येतो. त्याआधी भांडी तपासा: तळाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. ॲल्युमिनियमचा जुना कुकर आणि पितळेचं पातेलं त्यावर तापत नाही.

आता साठवण. अमेरिकेतली वरची तयार कपाटं बहुधा ३० इंच उंचीची असतात आणि ८ फुटांच्या छताखाली १२ इंच जागा धूळ खात राहते. ४२ इंचांची कपाटं घेतली तर ती छतापर्यंत जातात. त्या वरच्या खणात पुरणयंत्र, सोऱ्या, अनारशांची परात असं वर्षातून दोनदा लागणारं सामान जाऊ दे. रोजच्या वस्तू गुडघा ते डोळे या पट्ट्यातच हव्यात. सत्तरीच्या माणसाला रोज स्टुलावर चढायला लावणारं कपाट धोक्याचं आहे. खाली फळ्यांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खोल खण करा. २४ इंच खोल कपाटात फळीच्या मागचा डबा कुणालाच दिसत नाही, आणि तुरीच्या डाळीची तिसरी पिशवी आणली जाते. ओट्याच्या तळाशी पाय जायला सोडलेल्या चार इंचांतही चपटे खण बसतात. क्वचित लागणारी ताटं, परात तिथे.

वीस पौंडांची तांदळाची पिशवी आणि कणकेचं पोतं या घरात ठेवूच नका. मोठं घर चार पावलांवर आहे. ते या घराचं कोठार. आठवड्याला पुरेल एवढं डब्यांत, बाकी तिकडे. हा निर्णय नकाशा काढण्याआधी झाला, तर एक पूर्ण कपाट कमी होतं.

उंची

चौरस फूट मोजून देतात, घनफूट कुणी मोजत नाही. १६ फुटांची परवानगी असताना सगळीकडे ८ फुटांवर सपाट छत ठोकणं म्हणजे हातातली जागा वाया घालवणं. बसायच्या खोलीवर छत उतरतं ठेवलं, मधोमध ११-१२ फूट उंची मिळाली, की तीच खोली मोठी वाटते, आणि वरच्या भागात खिडकी काढली तर गरम हवा तिथून निघून जाते.

न्हाणीघराला मात्र एवढी उंची नको. नियमाने तिथे ६ फूट ८ इंच चालतात. छत ७ फुटांवर आणा आणि त्याच्यावर पोटमाळा काढा. मोरीवर माळा काढायची गिरगावातली जुनी युक्ती इथे जशीच्या तशी लागू पडते. ४० चौरस फुटांच्या न्हाणीघरावर तीन-साडेतीन फूट उंचीचा माळा मिळाला, तर जादा गाद्या, रजया, गणपतीचं मखर आणि बॅगा सगळं तिथे बसतं. तोंड बसायच्या खोलीकडे ठेवा, शिडीला आकडे लावा, आणि वजन किती पेलायचं ते अभियंत्याला आधीच सांगा.

झोपायचा माळा ही कल्पना मासिकांतल्या फोटोंत गोड दिसते. उन्हाळ्यात वर उकडतं, रात्री दोनदा शिडी उतरावी लागते, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेचे नियम कडक आहेत. विशीतल्या भाडेकरूसाठी ठीक. आजी-आजोबांसाठी नाही.

भिंतीच्या आत

इथल्या आतल्या भिंती लाकडी उभ्या पट्ट्यांच्या असतात. पट्ट्या १६ इंचांवर येतात, त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये साडेचौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल पोकळी राहते. तिच्यात फळ्या बसवल्या की मसाल्याच्या बाटल्या, औषधं, पुस्तकं यांना जागा होते आणि खोलीतला एक इंचही जात नाही. शॉवरमध्ये साबणाचा कोनाडा, पलंगाशेजारी चष्मा-फोनचा कोनाडा, देवांसाठी छोटा देवघराचा कोनाडा. सगळे याच पोकळीतून निघतात. फक्त नळ, वायरिंग आणि भूकंपाच्या धक्क्यासाठी मजबूत केलेल्या भिंती सोडायच्या. बाहेरच्या भिंतीतही हा उद्योग नको, तिथे थंडी-ऊन अडवणारं भरण असतं.

झोपायची जागा

क्वीन पलंग ६० बाय ८० इंच, म्हणजे ३३ चौरस फूट, आणि तिन्ही बाजूंनी चालायला दोन-दोन फूट. बारा बाय दहाची खोली त्यातच संपते. अनेक वृद्ध जोडप्यांना खरं तर दोन वेगळे ३८ इंची पलंग बरे पडतात. एक भिंतीला लावता येतो, आणि दुसऱ्याची झोप मोडत नाही. विचारून तर बघा. आपल्याकडे मुलं हे विचारत नाहीत आणि आई-वडील सांगत नाहीत.

पलंगाखाली १४ इंच जागा मोकळी ठेवा. भारतातून येणाऱ्या दोघांच्या चार मोठ्या बॅगा असतात. एकात एक घालून दोन उरल्या तरी त्या कुठेतरी ठेवाव्याच लागतात, आणि आडवी मोठी बॅग साधारण तेवढ्या उंचीत जाते. कपड्यांसाठी दार असलेली वेगळी खोली करण्यापेक्षा भिंतभर २४ इंच खोल कपाट सरकत्या दारांचं करा.

भिंतीत उभा करता येणारा मर्फी पलंग याच भागातला. विल्यम मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत तो बाजारात आणला, आणि पुढे तो इतका रुळला की १९८९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने हे नाव आता सर्वसामान्य झालं आहे असं ठरवलं. अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यासाठी तो उत्तम. रोज झोपणाऱ्यासाठी नको. आठ दिवसांनी तो खाली तो खालीच राहतो, आणि दुपारी आडवं व्हायची सवय असलेल्या माणसाची पंचाईत होते.

खिडक्या आणि कुंपण

कुंपणापासून ४ फुटांवर भिंत, आणि कुंपण लाकडी, सहा फूट उंच. त्या बाजूला नेहमीच्या उंचीवर खिडकी काढली तर दिवसभर फळकुटं बघायची. खिडकी सहा फुटांच्या वर आडवी काढा. आभाळ दिसतं, उजेड खोलवर येतो, शेजाऱ्याची नजर येत नाही, आणि खाली पूर्ण भिंत सामानाला मोकळी राहते.

इथे एक तांत्रिक बाब पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते. छतात आग विझवणारे फवारे नसतील, तर हद्दीपासून ५ फुटांच्या आतली भिंत एक तास आग सोसणारी लागते, आणि तिच्यात खिडक्या भिंतीच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांपर्यंतच काढता येतात. तीच भिंत ५ फुटांवर सरकवली की दोन्ही बंधनं जातात. अंगणातला एक फूट देऊन उजेड विकत घ्यायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मी दिला असता.

झोपायच्या खोलीत आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी एक खिडकी सक्तीची आहे: उघडल्यावर किमान २० इंच रुंद, २४ इंच उंच, आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. तिच्यासमोर कपाट, आणि बाहेरून कचऱ्याचे डबे, कधीही लावू नयेत. मोठ्या घराच्या खिडकीसमोर खिडकी येऊ देऊ नका. सुनेचं स्वयंपाकघर आणि सासूची बैठक समोरासमोर आली, तर चार पावलांचं अंतर ठेवून काय मिळवलं?

ओसरी आणि मागची पट्टी

बे एरियात पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल. उरलेले महिने कोरडे. म्हणजे आई-वडील बहुधा ज्या काळात येतात, त्या काळात सहा फूट खोल छपराची ओसरी ही एक पूर्ण खोलीच असते. तिथे चहा होतो, भाजी निवडली जाते, चपला राहतात, नातवंडांचा अभ्यास होतो. ओसरीची जमीन आणि आतली जमीन एका पातळीत घ्या, मध्ये सहा फुटांचं सरकतं काचेचं दार द्या. बैठकीची खोली दहा बाय बारा असली तरी चालून जातं.

कुंपणालगतची चार फुटांची पट्टी एसीचं बाहेरचं यंत्र, पाणी तापवणारा हीट पंप, सायकली यांना द्या. पाणी तापवायची टाकी आत ठेवली तर एक कपाट जातं आणि हीट पंप घुरघुरतो. एसी भिंतीवरचा मिनी-स्प्लिट घ्या, छतातून पाइप न्यावे लागत नाहीत.

गॅरेजचं घर करताना

दोन गाड्यांचं गॅरेज साधारण २० बाय २०, म्हणजे ४०० चौरस फूट. आहे त्याच जागी बदल करायचा असेल तर कुंपणापासूनच्या अंतराची अट लागू होत नाही, आणि गेलेल्या पार्किंगची भरपाई करावी लागत नाही. स्वस्त पडतं, पण दोन अडचणी असतात. गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते, ती समतल करावी लागते, खालून ओल येऊ नये म्हणून थरही द्यावा लागतो. यात दोन-चार इंच उंची जाते. आणि चौकोनाच्या मधल्या भागात उजेड पोचत नाही. गाडीचं दार होतं ती १६ फुटांची फट भिंत बांधून बुजवू नका, तिथेच मोठी काच घ्या.

पैसा कुठे घालायचा

बे एरियात स्वतंत्र घर दोन-तीन लाख डॉलरांत सहज जातं, आणि घर निम्मं केलं म्हणून खर्च निम्मा होत नाही. महागडे भाग म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाया, वीज आणि सांडपाण्याची जोडणी. ते ३५० चौरस फुटांतही असतात आणि ७०० मध्येही. वाढीव शंभर चौरस फूट नुसती रिकामी खोली असते, म्हणून त्यांचा भाव त्यामानाने कमी पडतो. अंगण मोठं असेल तर ४९९ वर अडून बसण्यात अर्थ नाही. शाळेची फी भरा आणि ६०० करा. अंगण लहान असेल तर ओसरीला जागा ठेवून ४५० करा. अंगण संपवून आठशे करणारे लोक दोन्ही घरांचं नुकसान करतात.

काटकसर फरशीत करा, रंगात करा, दिव्यांत करा. पॉकेट दारं, पूर्ण बाहेर येणारे खण, बाहेर हवा सोडणारी चिमणी आणि चांगल्या खिडक्या यांत करू नका. नंतर बदलायला याच गोष्टी सर्वांत महाग पडतात.

१ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियातल्या शहरांना आणि काउंटींना आधीच मंजूर केलेल्या नकाशांची सोय ठेवणं कायद्याने भाग आहे. तुमच्या शहराच्या बिल्डिंग विभागाकडे ते आधी मागा. वास्तुविशारदाची फी आणि वेळ दोन्ही वाचू शकतात. नकाशा हातात आला की शनिवारी अंगणात फक्कीने तो खऱ्या मापात आखा. पलंग, ओटा, संडास, दारं सगळं. ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांना त्या रेघांमधून चालू द्या, वाकू द्या, खुर्ची ठेवून बसू द्या, आणि ते काय म्हणतात ते ऐकूनच नकाशावर सही करा.